पत्त्यावर जाणारं औषध

निकिताला पुण्याच्या परिषदेत संशोधनाचं बक्षीस मिळालं आणि तिसगावात मारुतीच्या पारावर तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, फ्लेक्सवर तिच्या फोटोपेक्षा मोठे फोटो पुढाऱ्यांचे. भाषणात ती म्हणाली, "डेंड्रिमर म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेला कण, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. टेम्पोत माल भरावा तसं फांद्यांच्या बेचक्यांत औषध भरायचं, टोकाला पत्ता चिकटवायचा. औषध थेट कॅन्सरच्या गाठीवरच उतरेल. केस गळायचे नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्कारात टाळ्याच वाजवायच्या असतात, ऐकायला कोण जातं?

माझ्या सासूबाईंनी मात्र ऐकलं. केशरबाई, निकिताची सख्खी आत्या. त्यांच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली होती आणि नगरच्या डॉक्टरांनी केमोची तारीख दिली होती. घरी आल्या आल्या म्हणाल्या, "आता नगरला न्हाई जायचं. भाचीचं औषध येतंय. उगं टकली कशाला हू?"

मी समजावलं, भांडले, एकदा पिठासकट परात आपटली. बाई महाखाष्ट, पण मला ती जिवंत हवी आहे. माझ्याशी इतकं तोडीस तोड दुसरं कोण भांडणार? तारीख टळली, तेव्हा मी निकितालाच बोलावून घेतलं.

ती आली, आत्याच्या पाया पडली. सासूबाईंनी हात पुढे केला. "आन. किती गोळ्या हायेत?"

निकिताचं तोंड उतरलं. "आत्या, गोळी न्हाई अजून. काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललंय. उंदरापत्तूरबी न्हाई पोचलं."

"मंग भाषनात काय फेकत हुतीस?"

"त्या कणाच्या टोकांनी चांगल्या पेशीबी मरत्यात. ती टोकं झाकण्यातच माझं वर्ष गेलं. सत्कारात हे कसं सांगू?"

"म्हंजी तुझा टेम्पो माल पोचवायच्या आधी रस्त्यातली मान्सं चिरडतो!"

मी फस्सकन हसले. निकिता मात्र रडायला लागली. "माझं औषध व्हायला लई वर्षं लागतील, आत्या. तुझ्याकडं तेवढी न्हाईत."

हे आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. सासूबाईंनी अंबाडा सोडला आणि माझ्याकडे पाठ केली.

"जये, कातर आन. अन् सकाळची नगरची गाडी सांग."