चूळ भरा, बाबा

औशाजवळच्या माळावर, लिंबाच्या झाडाखाली, खडेबाबाच्या पितळी ताटात खडा पडला. ठण्णकन आवाज झाला आणि जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाऊस बहुतेक जुन्या जिल्ह्यातच राहून गेला. विहिरी कोरड्या, प्यायला टँकरचं पाणी आणि पोटाला दुष्काळी कामावरची खडी फोडणं. दिवसभर खडीवर बसलेल्या माणसाला काहीही झालं की लोक म्हणायचे, खडा अंगात शिरला. आणि शिरलेला खडा काढायला बाबा बसलेलाच.

"खडा पायातून चढतो, बेंबीशी अडतो, आन् माझ्या तोंडानं भायेर येतो," पानाचा तोबरा सावरत बाबा सांगायचा. मग पोटावर फडकं टाकायचं, तोंड लावून चोखायचं, मान झटकायची, की ताटात लालभडक खडा. रगत बी दिसलं, दगड बी दिसला. भोळ्या जिवाला आणखी काय पाहिजे?

रांगेत किशन उभा होता. पंचविशीतला गडी. त्याचं दुखत काहीच नव्हतं, पण उजव्या अंडगोळीवर टणक गाठ आली होती; आधी हरभऱ्याएवढी, आता सुपारीएवढी. हे चारचौघांत बोलणार कसं? बायकोला, धुरपताला सांगितलं तेही मान खाली घालून. तिनं सासूच्या, रुक्मिणबाईच्या कानावर घातलं आणि रुक्मिणबाई पोराला घेऊन थेट बाबाकडे आली.

बाबानं चोखलं, खडा काढला आणि रुक्मिणबाईच्या हातावर ठेवला. "गेली बला. जा घरी." परतताना किशनला शीळ घालावीशी वाटत होती. घरी येऊन त्यानं मोरीत जाऊन चाचपून पाहिलं. गाठ होती तिथंच होती. तो भिंतीला टेकून खालीच बसला.

बाहेर धुरपता तो खडा नाकाशी धरून बसली होती. "अवं, ह्याला काताचा वास येऊ राहिलाय. तुम्ही तर पान खात न्हाई. पोटात कात कुठून आला?"

किशनला हसू आलं नाही. खडा खोटा, मग आत आहे ते काय?

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं लातूरच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर व्यंकटरावांनी खिडक्या लावून खोली अंधारी केली आणि गोळीच्या मागून बॅटरी लावली. बराच वेळ ते बघत राहिले.

"पाणी साचलं असतं तर उजेड आरपार आला असता, कंदिलाच्या काचेसारखा. इथं अंधार आहे. गाठ भरीव आहे. कॅन्सर असू शकतो."

किशन घाईनं म्हणाला, "पण सायेब, दुखत तर न्हाई."

"तिथंच फसतात माणसं. दुखलं असतं तर तू कधीच आला असतास." डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "जांघेतून ती गोळी काढायची. काढलेली तपासली की नक्की कळतं. पुढं पसरलं असेल तर मुंबईला त्याच्या सुया आहेत, आता चांगली औषधं निघालीत. बहुतेक जण बरे होतात. पण वेळेवर आले तर."

"मग मी... बाप्या राहीन का?"

"दुसरी आहे ना? एकीवर संसार होतो, लेकरंही होतात."

घरी रुक्मिणबाईनं ऐकलं आणि ऊर बडवून घेतला. "माझ्या लेकराला कापायचं? बाबा आनखी एक खडा काढंल, पर कापायचं न्हाई." खरं सांगायचं तर किशनही मनातून तिच्याच बाजूचा होता. भ्यालेल्या माणसाला सोपं सांगणाराच खरा वाटतो. पुन्हा सगळे लिंबाखाली आले.

किशन आडवा झाला. बाबा वाकला, तेवढ्यात धुरपता पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली.

"बाबा, आधी चूळ भरा."

बाबा थबकला. "दुष्काळात पानी नासतीस व्हय, बाई?"

"माझ्या वाटनीचं हाय. मी ऱ्हाईन तहानेली. भरा तुम्ही."

 त्या दुष्काळात चूळ भरून थुंकायला पाणी द्यावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि बाबाचा सगळा धंदा त्यावरच चालला होता. रुक्मिणबाईनं भाबडेपणानं तांब्या त्याच्या तोंडाशी नेला. "भरा की बाबा. देवाच्या तोंडाला कशाचं भ्याव?"

बाबानं नाही म्हणायला तोंड उघडलं, त्याला ठसका लागला आणि तोबऱ्यासकट खडा ताटात पडला. ठण्णकन. किशनच्या पोटाला अजून त्याचा ओठसुद्धा लागला नव्हता.

रुक्मिणबाईनं खडा उचलला. दगड गालातला, रगत काताचं.  "माझं लेकरू मरायला टेकलं, आन् तू पान खात बसला व्हतास?" एवढंच ती म्हणाली आणि पोराला हाताला धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून तीच पुढं लातूरला निघाली.

गोळी काढली. तो कॅन्सरच निघाला आणि थोडा पसरलाही होता. मुंबईच्या सुयांनी किशनचे केस गेले, अन्न नकोसं झालं, रात्ररात्र त्याला मरणाचं भ्याव वाटलं. पण तो परत आला. केसही आले.

मग एकदा कामावर, सगळे गडी भाकरी खात असताना, तो उभा राहिला. लाजेनं कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, तरी बोलला. "मला गाठ कुठं झाली व्हती ते तुम्हाला ठावं हाय. धुताना हातानं चाचपून बगत जा. टणक लागलं, न्हाईतर एक बाजू जड झाली, तर दुखायची वाट बगू नका. बाबाकडं न्हाई, डागदराकडं जा. लाजंनं मेलेला मानूस परत येत न्हाई."

भाकरी गुंडाळून सगळे उठून गेले. एकटा लिंबाजी, शेजारच्या वस्तीवरचा, नुकतंच लग्न झालेला, तसाच बसून राहिला. भाकरी त्याच्या हातातच होती.

"किशनदादा," तो म्हणाला, "माझं बी दुखत न्हाई रं."

किशन त्याच्याजवळ जाऊन बसला. "सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येतो संगं."