दादाचं एक मत

दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना तोंडातून अक्षर काढायचं नाही, तेव्हा ऑफिसात कुणाचाच विश्वास बसेना. कुजबुजायचंही नाही म्हणाले, त्याने घशावर उलट जास्त ताण येतो. वहिनीने हे ताईला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. आता कुठे माझी बोलायची पाळी आली बघ." एवढं बोलून हसता हसता ती रडायला लागली.

दादा म्हणजे त्या ऑफिसचा मालक, मुख्य आर्किटेक्ट आणि आवाज. चोवीस वर्षांपूर्वी घड्याळजीच्या दुकानावरच्या एका खोलीत एक ड्रॉइंग बोर्ड टाकून त्याने सुरुवात केली होती. आता तिथे दोन मजले होते. खाली लांब टेबलं आणि कॉम्प्युटर, वर मॉडेलची खोली, जिथल्या पुठ्ठ्याच्या भुशाने सगळ्यांचे काळे कपडे पांढरे होत. दादाची काम करायची एक रीत होती. तो पाठीमागे येऊन उभा राही, हातातला ट्रेसिंग पेपर समोरच्या नकाशावर पसरी आणि लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढून म्हणे, "असं नको. असं." झालं, विषय संपला. आणि ते 'असं' बहुतेक वेळा चांगलंच असे, हीच तर पंचाईत होती.

ताई त्याची धाकटी बहीण, अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तिला शिकवलं दादानेच. पहिली सरळ रेघ तिने मारली ती त्याने मनगट धरलं होतं म्हणून. अठरा वर्षं ती त्याच्या ऑफिसात होती. निम्म्या इमारती तिच्या हातून उतरल्या होत्या, पण गिऱ्हाइकासमोर ती दादाच्या डाव्या बाजूला बसे आणि तो "पुढचं" म्हणाला की कागद उलटे. दादाने तिच्यावर मुद्दाम अन्याय केला असं नाही, त्याला कधी तसं सुचलंच नाही. तिनेही कधी ब्र काढला नव्हता. ज्याने बोट धरून उभं केलं, त्याच्यापुढे बोलायचं तरी काय?

त्या वेळी गावच्या बाजाराचं काम चालू होतं. जुनी मंडई गळत होती, नगरपालिका नवी बांधणार होती, आणि दादाचं डिझाईन पहिल्या फेरीत पसंत पडलं होतं. एक भला मोठा घुमट आणि त्याखाली गोलात मांडलेले गाळे. कॉलेजात असल्यापासून दादाला एक तरी घुमट बांधायचा होता. दोन महिन्यांनी शेवटची सभा होती.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या सोमवारी दादा मफलर गुंडाळून आला, ट्रेसिंगचा रोल मांडीवर घेऊन बसला. टेबलाभोवती ताई, इंजिनिअर आणि आतल्या सजावटीचं काम बघणारी, जिला तिच्या पर्समधल्या रंगांच्या पट्ट्यांमुळे सगळे शेडकार्ड म्हणत. सगळे सवयीने दादाकडे बघत बसले. दादा लिहायला लागला. पण माणूस लिहून लिहून किती भरभर लिहिणार? त्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत खोलीत एवढी शांतता पडली की ती सोसेना, आणि इंजिनिअरने घसा खाकरला.

हा इंजिनिअर नऊ वर्षांत दोनच गोष्टी बोलला होता, 'होईल' आणि 'होणार नाही.' तो म्हणाला, "घुमट होईल. पण त्याच्याखाली आवाज घुमेल. दोनशे माणसं एकदम भाव करायला लागली, की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येणार नाही."

"हे तुम्ही आज सांगताय?" शेडकार्ड म्हणाली.

"आधी मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही," इंजिनिअर म्हणाला.

तिने दादाकडे पाहिलं. त्याचे खांदे हलत होते. क्षणभराने तिच्या लक्षात आलं, तो हसतोय, आवाज न काढता.

पण ते हसू काही टिकलं नाही. आठवडाभर तो हातवारे करी, कागदावर खरडी, कुणी पुरतं वाचलं नाही की टेबलावर मूठ आपटी. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हे असं चालणार असेल तर घरी बसा. दादा घरी बसला.

मग हे तिघं मंडईत गेले. आवाजाचं काय करायचं ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही, असं इंजिनिअरचं म्हणणं. पालेभाजीवाल्या एका आजीबाईंनी ताईच्या हातातला नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"मी कुठे बसायचं यात?"

ताईने मधल्या गोलात बोट ठेवलं.

"मधोमध? मग माझ्याकडे कुणी कशाला येईल? बाई, माणूस रस्त्यावरून जाता जाता बघतो आणि मग थांबतो. इथे भांडणं होतात ती कडेच्या जागेसाठी. मधली जागा फुकट दिली तरी कुणी घेत नाही."

तिघांनी चार सकाळी घालवल्या. एकूण एक विक्रेत्याला कड हवी होती. आता दोनशे माणसांना कड कुठून द्यायची? ऑफिसात परत आल्यावर शेडकार्ड बोलता बोलता रंगांची पट्टी घड्या घालून उघडझाप करत होती. ताई बघत राहिली. "थांब. तशीच धर." घड्या घातल्या की कड वाढते. मंडईला घड्या घातल्या, मध्ये रस्त्याच्या गल्ल्या आत घेतल्या, तर प्रत्येकाला कड मिळते. इंजिनिअरने साधा कागद घेतला, त्याला तशाच घड्या घातल्या, दोन पुस्तकांवर आडवा ठेवला आणि वर त्याचा जाड कॅलक्युलेटर ठेवला. कागद वाकला नाही. "छप्परही असंच करू, मग आवाजही घुमायचा नाही," तो म्हणाला. "होईल." ही कल्पना नेमकी कुणाची, यावर पुढे त्यांच्यात कैकदा वाद झाला, आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याची म्हणत राहिला.

पुढचे चार आठवडे ताईला दिवस कुठे उगवतो आणि मावळतो कळलं नाही. एक मात्र तिच्या मनाला टोचत होतं. दर दोन दिवसांनी ती दादाला भेटायला जाई. तो कागदावर लिही, 'बाजार?' आणि ती म्हणे, "चाललंय." त्यापुढे तिची जीभ रेटत नसे.

दीड महिना संपला. सभेला आठ दिवस उरले होते. दादा ऑफिसात आला, सरळ वर मॉडेलच्या खोलीत गेला आणि तिथेच थांबला. त्याचा नवा आवाज लाकडावर कानस घासावी तसा होता.

"घुमट कुठाय?"

ताईने सगळं सांगितलं. आवाज, कड, घड्या. दादाने ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

"आठ दिवस आहेत. घुमट परत आणा."

"नाही, दादा."

हे आपणच बोललो, यावर ताईचा विश्वास बसेना. तिने टेबलाची कड धरली.

"ऑफिस कुणाचं आहे?"

"तुझं."

"मग?"

"डिझाईन आमचं आहे. तुला घुमटच दाखवायचा असेल तर त्याचे नकाशे तयार आहेत, घेऊन जा. पण कागद उलटायला मी येणार नाही."

दादा तिच्याकडे बघत राहिला. रागापेक्षा त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी होतं. "मी आजारी पडलो होतो गं. तू दर दोन दिवसांनी यायचीस. एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"ते माझं चुकलं," ताई म्हणाली. "सांगायला हवं होतं. भ्यायले. तू न बोलताही दोन रेघांत मोडून टाकलं असतंस. आता सांगते. तुझं मत दे, आम्हाला हवंय. पण एक. आम्हा तिघांचं जसं एकेक, तसं तुझं एक."

दादा जिना उतरून गेला. खाली दार आपटल्याचा आवाज आला.

"मी दुसरी नोकरी बघू का?" शेडकार्डने विचारलं.

"थांबा," इंजिनिअर म्हणाला.

तीन दिवस दादा फिरकला नाही. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन. "अगं, याचं काय चाललंय? रोज सकाळी पिशवी घेऊन मंडईत जातो आणि रिकामी पिशवी घेऊन परत येतो. विचारलं तर म्हणतो, ऐकत होतो."

सभेच्या दिवशी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि थेट ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसला. काय करणार आहे याचा पत्ता नाही. नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंनी समोरचं मॉडेल पाहिलं, चष्मा काढला, परत घातला. मग सवयीने दादालाच विचारलं, "तुमचा घुमट कुठे गेला?"

दादा उठला. ताईने डोळे मिटून घेतले.

"मला तो हवा होता," दादा त्या खरखरीत आवाजात म्हणाला. "खोटं कशाला बोलू, अजूनही हवा आहे. पण या तिघांनी मला हरवलं. तीन दिवस मंडईत उभा राहून आलो, त्यांचं कुठे चुकतंय ते शोधायला. नाही सापडलं. का हरवलं ते त्यांच्याकडूनच ऐका, माझा घसा साथ देत नाही."

ताई उठली. पहिली दोन वाक्यं अडखळली. कड हा शब्द आला आणि मग तिला अडवायला कुणी नव्हतं. समितीने आगीच्या बंबासाठी एक गल्ली रुंद करायला सांगितली आणि डिझाईन मंजूर केलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण एका सभेने माणूस बदलत नाही, आणि ऑफिस तर नाहीच. त्यानंतर चौघं मिळून सगळं ठरवू लागले आणि काही दिवसांतच एका दवाखान्याच्या कामाचा बोजवारा उडाला. प्रवेशद्वार पूर्वेला की उत्तरेला, यावर चार महिने चर्चा चालली. शेवटी डॉक्टरीणबाई कंटाळून दुसरीकडे गेल्या. दादा आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला, "मी सांगत होतो." खालच्या घड्याळजीलाही त्याने सोडलं नाही.

मग इंजिनिअरने एक नियम काढला. प्रत्येक कामाचा म्होरक्या एकच, शेवटचा शब्द त्याचा. पण तो शब्द बोलण्याआधी त्याने उरलेल्या तिघांची हरकत बघायची. बघायची, ऐकायची नाही. "तोंडी हरकत बंद. जे पटत नाही ते कागदावर काढून दाखवा." या एका नियमाने निम्म्या हरकती आपोआप गळाल्या, कारण काढायला बसलं की आपलं म्हणणं आपल्यालाच पटेनासं होई.

दादाला हे सर्वांत जड गेलं. दोनदा तो बैठकीतून उठून गेला. एकदा तर त्याने ताईच्या हातातल्या शाळेचा नकाशा घरी बसून बदलला आणि परस्पर शाळेला पाठवून दिला. ताई अकरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी तो तिच्या टेबलाशी आला आणि एक कागद पुढे ठेवला. शाळेला स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र होतं. 'माझा नकाशा फाडून टाकावा. तो पाठवण्याचा मला अधिकार नव्हता. या कामात माझ्या बहिणीचा शब्द अखेरचा.' शाळेची पोच खाली लागलेली होती.

"माफी मागता येत नाही मला," तो म्हणाला.

"दिसतंय," ताई म्हणाली, आणि चहा सांगितला.

दोन वर्षांनी भागीदारीचे कागद झाले. चार सह्या. दादाची चौथी, कारण ऐन वेळी त्याचा चष्मा सापडेना आणि बाकीचे खोळंबायला तयार नव्हते. दारावरची त्याच्या एकट्याच्या नावाची पाटी त्याने स्वतः स्टुलावर चढून काढली. वहिनी खाली स्टूल धरून उभी होती. ती ताईला नंतर म्हणाली, खाली उतरल्यावर तो थोडा वेळ पायरीवर बसून राहिला होता. मग उठला आणि कामाला लागला.

अलीकडची गोष्ट. वृद्धांच्या निवासाचं काम शेडकार्डकडे होतं. दादाला अंगणाची जागा पटली नव्हती. त्याने तब्बल अकरा कागद काढून आणले. शेडकार्डने एकेक कागद शांतपणे पाहिला, तीन प्रश्न विचारले, त्यातला एक दरवाजा आपल्या नकाशात घेतला आणि अंगण जिथल्या तिथे ठेवलं. इंजिनिअर आणि ताईही तिच्याच बाजूचे निघाले.

संध्याकाळी दादा आणि ताई बरोबरच जिना उतरले. तो धुमसत होता.

"चूक करताय तुम्ही."

"असेल," ताई म्हणाली.

"असेल? मग?"

"मग चौघं मिळून निस्तरू."

कोपऱ्यापर्यंत दादा दोन पावलं पुढेच चालला. मग त्याने वहिनीला फोन लावला, ताई जेवायला येतेय म्हणून कळवलं, आणि पुन्हा अंगणाचा विषय काढला. ऊन कुठून येतं, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची हलवायला किती त्रास होतो, सगळं. अर्ध्या वाटेवर ताईने त्याला थांबवलं आणि आपलं म्हणणं सांगितलं. तो पदपथावर उभा राहिला, लोक आजूबाजूने जात राहिले, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने ते ऐकून घेतलं.