खऱ्या दाढीचा सांता

पनवेलला हायवेलगत असलेल्या मॉलने यंदा एक रंगीत पत्रक छापलं होतं: ‘या नाताळात पनवेलमध्ये करण्यासारख्या दहा गोष्टी’. दहातल्या नऊ गोष्टी मॉलच्या आतच करायच्या होत्या. दहावी म्हणजे नेऱ्याच्या फार्महाउसची बससहल, आणि ती बसही मॉलच्या दारातून सुटून माणसांना मॉलच्याच दारात आणून सोडायची. बाहेर भर दुपारी घाम फुटत असला तरी आत दर तासाला दहा मिनिटं साबणाच्या फेसाचा बर्फ पडणार होता. शिवाय छताला टेकलेल्या झाडाखाली फोटो होते, माणसाच्या उंचीचा केक होता, दुसऱ्या मजल्यावरच्या पार्लरात ‘ख्रिसमस मेकओव्हर’ होता. आणि चौथ्या क्रमांकावर होतं, सांताला भेटा.

ही पत्रकं वाटायचं काम हेल्पडेस्कवरच्या विनिताकडे होतं. पनवेलच्या कोळीवाड्यात दिलेली सून, नवरा कल्पेश जासईच्या कंटेनर यार्डात क्रेनवर, सासू मैनाबाई मार्केटात मासळी विकणारी. घरी विनिता कोळ्यांची बोली बोलायची आणि मॉलचं सरकतं दार उघडलं की तिच्या तोंडातून आपोआप ‘नमस्कार मॅम, मी आपली काय मदत करू शकते’ बाहेर पडायचं. ख्रिसमस सुरळीत पार पडला तर जानेवारीपासून तिला हेल्पडेस्कची इनचार्ज करू, असं मार्केटिंग मॅनेजर शैलेश सर म्हणाले होते. सर असं सगळ्यांनाच म्हणायचे, पण विनिताने ते मनावर घेतलं होतं.

गोष्ट बिघडली ती सांतापासून. मुंबईच्या एजन्सीने पाठवलेला सांता म्हणजे काडीपैलवान, पोटाला दोन उशा बांधलेला. सोळा तारखेला एका चार वर्षांच्या कार्टीने त्याची कापसाची दाढी ओढली आणि ती घेऊन थेट सरकत्या जिन्यावर पळाली. पाठोपाठ सांता पळाला, त्याची एक उशी निसटली, आणि रांगेतल्या चाळीस पोरांनी एका सुरात भोकाड पसरलं. संध्याकाळी एजन्सीच्या माणसाने फोन उचलायचं बंद केलं.

नेमकं दुसऱ्या दिवशी विनिता डबा घरी विसरली, आणि तो घेऊन तिचे सासरे आनंदा मॉलमध्ये आले. आनंदा म्हणजे जन्म खाडीत आणि होडीत गेलेला माणूस. गुडघे गेले म्हणून दोन वर्षं घरी बसलेले. पोट असं की त्याला उशीची गरज नाही, गाल लालबुंद, आणि छातीवर रुळणारी, पांढरीशुभ्र, दाट दाढी. शैलेश सरांनी ती दाढी पाहिली आणि बोलता बोलता थांबले. मग जवळ येऊन त्यांनी विचारलं, “काका, ही खरी आहे?”

आनंदा म्हणाले, “वढून बघा.”

सरांनी खरोखर ओढून पाहिली. हेल्पडेस्कमागे उभ्या विनिताने मात्र मान फिरवली आणि पत्रकांचा गठ्ठा उगाच पुन्हा मोजायला घेतला.

त्याला कारण होतं. ती दाढी म्हातारपणाची नव्हती की हौसेची नव्हती, ती नवसाची होती. विनिताच्या लग्नाला वर्ष झालं आणि पाळणा हलला नाही, तेव्हा सहा वर्षांपूर्वी चैत्रात कार्ल्याला एकवीरेसमोर आनंदांनी, दोन बस भरून आलेल्या अख्ख्या कोळीवाड्याच्या देखत, मोठ्याने नवस बोलला होता, की घरात नातवंड येईल तेव्हाच गालाला वस्तरा लावीन. डॉक्टरांनी विनितात दोष नाही आणि कल्पेशमध्येही नाही असं सांगितलं होतं. पण डॉक्टरांचा कागद फायलीत राहतो आणि दाढी चारचौघांत फिरते. दाढी वीतभर झाली, हातभर झाली. लग्नात, हळदीत, मासळीबाजारात कोणीही आनंदांकडे बघायचं आणि मग हळूच विनिताकडे. तोंडातून शब्द कोणाच्या निघायचा नाही, आणि निघायची गरजही नव्हती. म्हातारा प्रेमाने वाढवत होता आणि सून रोज सकाळी चहा देताना ती मोजत होती.

त्यात सासऱ्यांना दुष्ट म्हणायची सोय नव्हती. त्यांनी तिला कधी टोमणा मारला नव्हता, पापलेटचा मधला तुकडा तिच्या ताटात सरकवायचे. वाईट माणसाशी भांडता येतं, मायाळू माणसाशी काय भांडणार? अख्ख्या पनवेलमध्ये दाढी नसलेली एकच जागा विनिताला होती, तो मॉल. आता ती दाढी मॉलमध्ये येऊन सोनेरी सिंहासनावर बसली, आणि बाजूला हिरवी टोपी घालून उभं राहायची नेमणूक झाली विनिताचीच.

रातोरात पत्रक नवं छापलं गेलं: ‘खऱ्या दाढीच्या सांताला भेटा’.

शैलेश सरांनी आनंदांना काम समजावून सांगितलं. मूल मांडीवर बसेल, काय हवं ते सांगेल, आपण मान डोलवायची, चॉकलेट द्यायचं, फोटो, पुढचा. आनंदांनी मान डोलवली. पण त्यांना त्यातलं एक पटलं नव्हतं. पहिल्याच पोराने सायकल मागितली तेव्हा आनंदांनी विचारलं, “बरा. बदल्यात काय सोडशील?”

पोरगं गोंधळलं. आनंदांनी त्याला समजावलं की आपल्यात देवीकडे मागताना काहीतरी सोडावं लागतं. कोणी मटण सोडतं, कोणी चप्पल, हे बघ मी दाढी करायची सोडली. पोराने बराच विचार केला आणि सायकल मिळेपर्यंत मोबाइलवरचा गेम सोडला. त्याच्या आईने दोन्ही हात जोडले. देवळातही जोडले नसतील एवढ्या भक्तीने जोडले.

विनिताने हलक्या आवाजात सांगून पाहिलं, की बाबा, सांता असं विचारत नाही, सांता नुसता देतो. आनंदांना ते मुळीच मान्य नव्हतं. “फुकट मागनं ही भीक झाली, पोरी,” ते म्हणाले. “आन फुकट देनारा तर मी अजून बघितला नाय.”

चार दिवसांत ही बातमी कामोठ्यापासून उलव्यापर्यंत पसरली. ज्या पोरांनी बापाच्या बापाचं ऐकलं नव्हतं ती पोरं सांताच्या मांडीवर बसून शहाण्यासारखी एकेक गोष्ट सोडत होती. रांग झाडाला वळसा घालून बुटांच्या दुकानापर्यंत गेली. सर खूष झाले आणि त्यांनी आनंदांच्या कॉलरला माइक लावून दिला. त्यांची खुशी बावीस तारखेपर्यंत टिकली. त्या दिवशी फूडकोर्टवाले तक्रार घेऊन आले, कारण पोरांनी सोडलेल्या वस्तूंत पिझ्झा पहिला होता, कोल्ड्रिंक दुसरं, आणि तिसऱ्या मजल्यावरचा गेमझोन तिसरा. नाताळाच्या ऐन हंगामात मॉलमधली पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन, तोंड बंद करून, व्रतस्थ फिरत होती. सरांनी विनिताला बोलावून बजावलं की तुझ्या सासऱ्यांना आवर. पण रांग आवरा असं म्हणायची त्यांचीही हिंमत नव्हती, कारण रांगेचे फोटो त्यांनीच वरच्या साहेबांना पाठवले होते.

चोवीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास एक सहा-सात वर्षांची मुलगी मांडीवर बसली. दोन वेण्या, लाल रिबिनी, नाव सांगितलं संजना. सोबत आई होती, आजी होती. मुलीने मागायच्या आधी दाढीला हात लावला आणि विचारलं की ही तुम्ही कशासाठी वाढवली.

आनंदांना खोटं बोलता येत नसे. “नातवंडासाठी,” ते म्हणाले. “माझ्या सुनंला पोर झाला की काढनार.”

माइक चालू होता. ते वाक्य बुटांच्या दुकानापर्यंत गेलं, वर गॅलऱ्यांमध्ये गेलं. सिंहासनाशेजारी हिरव्या टोपीत सून उभी आहे हे मॉलच्या सगळ्या स्टाफला माहीत होतं. केकच्या काउंटरवरच्या दिपिकाने विनिताकडे पाहिलं आणि पटकन नजर केकवर वळवली. विनिताला ती नजर ओळखीची होती. मासळीबाजारातली होती, हळदीतली होती. सहा वर्षं जपलेली एकुलती एक जागा एका वाक्यात गेली. तिला तिथल्या तिथे टोपी काढून घरी जावंसं वाटलं, पण घरी तरी काय वेगळं होतं?

तेवढ्यात संजना उत्साहाने म्हणाली की मग मला भाऊ पाहिजे, आणि भाऊ येईपर्यंत मी केस कापणार नाही. आजीने टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या आणखी चार बायकांनी वाजवल्या. मुलीची आई मात्र हसली नाही. ती पुढे आली आणि सांताच्या कानाशी वाकून अगदी हळू बोलली. माइक कॉलरलाच होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

“हिला नाही म्हणा ना, प्लीज,” ती म्हणाली. “हिची वेणी रोज मलाच घालायची असते.”

टाळ्या थांबल्या. आनंदांनी त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान वळवून विनिताच्या तोंडाकडे पाहिलं. दोन्ही तोंडांवर एकच गोष्ट होती. सहा वर्षं रोज सकाळी चहाच्या कपामागे ती त्यांच्यासमोर होती आणि त्यांना दिसली नव्हती. खाडीच्या पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते सांगणारा माणूस, पण घरातलं माणूस वाचायला त्याला मॉलमध्ये यावं लागलं.

त्यांनी संजनाला सांगितलं की बाळा, नवस आपल्या जिवावर बोलायचा, दुसऱ्याच्या नाही. तू आपली बाहुली माग. संजनाने थोडा विचार केला, बाहुली मागितली आणि बदल्यात भेंडीची भाजी सोडली. आजी नाराज झाली. आनंदांनी चॉकलेट दिलं, फोटो काढू दिला, मग माइक काढून विनिताच्या हातात ठेवला आणि गुडघा दुखतोय, जरा जाऊन येतो म्हणाले.

पाऊण तास झाला तरी ते आले नाहीत. रांगेत दोनशे पोरं, वर फेसाचा बर्फ पडतोय, आणि सिंहासन रिकामं. शैलेश सर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. तेव्हा लिफ्टमधून सांताचा लाल डगला घातलेला एक अनोळखी म्हातारा उतरला. गाल तुळतुळीत, कपाळ उन्हाने रापलेलं आणि हनुवटी सहा वर्षं ऊन न लागल्यामुळे गोरीपान. एका हातात फूडकोर्टची कागदी पिशवी, दुसऱ्या हातात पार्लरच्या ‘ख्रिसमस मेकओव्हर’चं स्टाफ-कूपन.

सर बोलायला लागले ते थांबेनात. उद्या पंचवीस तारीख, पत्रकं वाटून झालेली, वर्तमानपत्रात जाहिरात दिलेली, खरी दाढी, खरी दाढी, आणि हा माणूस माझ्याच मॉलच्या पार्लरात जाऊन, माझ्याच कूपनवर ती काढून येतो. मग ते विनिताकडे वळले आणि जानेवारीचं ते आता विसर, असं स्पष्ट म्हणाले. विनिताने मान हलवली. ते वाक्य तिने ऐकलं होतं, पण तिचं लक्ष त्या हनुवटीकडे होतं. मधोमध खळी होती, थेट कल्पेशसारखी. लग्नात पाहिली होती तिने, पुढे साफ विसरून गेली होती.

शेवटी सरांनीच गोडाउनमधून ती जुनी, सरकत्या जिन्यावर तुडवलेली कापसाची दाढी शोधून आणली. झाडामागे पुठ्ठ्याच्या खोट्या भेटींच्या ढिगाऱ्यावर आनंदा बसले आणि विनिता त्यांच्या कानामागे तिची दोरी बांधू लागली. ती आता कोळीवाड्यातली भाषा बोलत होती, मॉलच्या आत पहिल्यांदाच.

“आईंना काय सांगनार तुमी?” तिने विचारलं.

मैनाबाई घर डोक्यावर घेतील, यात दोघांनाही शंका नव्हती. आनंदा म्हणाले की तिला सांगेन, दोन दिवस ती बोलणार नाही, तेवढीच शांतता. पिशवीतली दाढी त्यांनी जपून मांडीवर धरली होती. ती चैत्रात कार्ल्याला न्यायची होती.

“आन एकवीरा आयला?”

“आयला सांगन, चुकलो. ती बी बाईच हाय.”

विनिताचे हात दोरीवर थांबले. बरंच काही बोलायचं होतं, सहा वर्षांचं साठलेलं. पण आलं ते एवढंच. “बाबा, नवस सोडला तुमी. बदल्यात आयकडं काय मागितला?”

आनंदांनी हनुवटीवरून हात फिरवला. तिथे नुसता कापूस होता, तरी फिरवला.

“काय नाय,” ते म्हणाले. “फुकट दिली.”

विनिताने दोरीची गाठ मारली, मग ती सोडली आणि पुन्हा मारली, कारण तिला दिसत नव्हतं. झाडापलीकडे पोरं ओरडायला लागली होती. तिने डोळे टोपीला पुसले, सासऱ्यांना हात देऊन उठवलं आणि रांगेतल्या पहिल्या पोराला पुढे बोलावलं. पोराने बसल्या बसल्या दाढी ओढली आणि ती त्याच्या हातात आली. तो रडणार, तेवढ्यात आनंदांनी त्याला सांगितलं की असू दे, तुलाच ठेव, आणि काय पाहिजे ते माग.

“बदल्यात काय सोडू?” पोराने विचारलं. तो चार दिवस तयारी करून आला होता.

“कायच नको,” सांता म्हणाला.