मधला स्पीकर

उस्तादांचं बोट खाली आलं, तेव्हा आवाज थांबलेला नव्हता.

स्पीकरच्या जाळीमागचा कोटाच्या बटणाएवढा घुमट अजून वाजत होता. तारेसारखा बारीक, हळूहळू वर चढत जाणारा सूर. उस्ताद हातभर अंतरावर कान लावून बसले होते. ऐकू येतंय तोवर बोट वर, आवाज गेला की खाली, ही त्यांची जुनी पद्धत. त्यांच्या बायकोच्या तपासणीच्या खोलीत पेशंटही हेच करत, फक्त तिथं बोटाखाली बटण असे. ती दवाखान्यात कान तपासायची.

"गेला. हाही मुका," उस्ताद म्हणाले. "तिसरा बदलून आणला, तोही मुका! तूच ऐक ना."

"हो," ती म्हणाली. "जरा दबकाच वाटतो."

आणि तो सूर तिच्या कानात रुतत होता.

थेटर बंद पडेपर्यंत उस्तादांनी तिथला आवाज सांभाळला होता. शेवटच्या रांगेतला पंखा कुरकुरला तरी त्यांना केबिनमध्ये कळे, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. थेटरकडून हिशेबाचे पैसे मिळाले तेव्हा त्यांनी मुलीच्या रिकाम्या खोलीत घरचं थेटर उभारायचं ठरवलं. दोघांसाठी. दोन आरामखुर्च्या, पडदा आणि स्पीकर.

"निम्मे पैसे स्पीकरला," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आणि त्यातला मोठा वाटा मधल्याला. माणसं बोलतात ती मधल्यातून. बोलणंच कळलं नाही तर काय नुसते स्फोट ऐकायचे?"

हिशेब चोख होता. पण मधला स्पीकर काही त्यांच्या मनास येईना. तो परत गेला की त्याहून भारी यायचा, आणि त्याच्यापायी दुसरं काहीतरी कापलं जायचं. आधी मागचे दोन स्पीकर गेले, मग पडदा. "भिंत पांढरीच आहे की."

अलीकडे फ्रिजचं दार उघडं राहिल्याची टीं टीं तिला रोज ऐकू यायची. ती मुकाट्यानं उठून दार लावायची. उस्ताद म्हणायचे, आजकालचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. मग म्हणायला लागले, तूही बोलतेस. दवाखान्यात अनोळखी माणसांना आलेखावरची घसरलेली रेघ दाखवताना तिचा आवाज कधी हलला नव्हता. घरी मात्र आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. ज्याचं नावच कानांवरून पडलं, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुकानदार आला. तो पूर्वी केबिनमध्ये उस्तादांच्या हाताखाली होता.

"काय रे, गिऱ्हाईक म्हणून आम्हीच सापडलो का?" उस्ताद गरजले. "सगळा खराब माल इकडेच?"

"तसं नाही हो, उस्ताद."

"तसं नाही तर कसं? तो वरच्या फळीवरचा दाखवलेलास ना, तोच आण आता. एक आरामखुर्ची रद्द कर." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय, तू पलंगावर पडूनही बघतेस."

"बघते की," ती म्हणाली.

दुकानदारानं मधला स्पीकर काढून खोक्यात भरला आणि खोका उचलला. ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली. खोका कमरेवर टेकवून तो क्षणभर घुटमळला.

"वहिनी, आधीचे दोन मी दुसरीकडे बसवले. कमी भावात द्यावे लागले, ते जाऊ द्या. पण दोन्ही घरांतून एक तक्रार नाही." तो खाली बघत होता. "वरच्या फळीवरचा आणतो मी. उस्तादांना नाही म्हणणार नाही. पण तोही मुका निघाला तर पुढं काय आणू, ते तुम्हीच सांगा."

"तुला माहीत होतं?"

"केबिनमध्ये शेवटची दोन वर्षं वरचे सूर मीच जुळवायचो. ते चहाला गेले की."

आतून हाक आली, "काय खुसपुस चाललीय? मोठ्यानं बोला की!"

"थांब," ती दुकानदाराला म्हणाली. "खोका खाली ठेव."

ती खोलीत गेली. खिडकीकडे पाठ करून बसलं तर चेहऱ्यावर अंधार येतो आणि समोरच्याला ओठ दिसत नाहीत. तिनं उजेड आपल्या तोंडावर येईल असं स्टूल ओढलं आणि उस्तादांच्या समोर बसली. दवाखान्यात बसायची तशीच, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"गेला तो?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी थांबवलंय."

"का?"

उस्ताद तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ओठांकडे बघत होते. कधीपासून बघत असतील, हे तिनं आजवर स्वतःला विचारलं नव्हतं.

"अहो, स्पीकर वाजतोय," ती म्हणाली. "पहिलाही वाजत होता. मी खोटं बोलले."

उस्तादांचा हात स्पीकरच्या रिकाम्या जागेवर गेला आणि तिथंच राहिला.

"हाच स्पीकर राहील, आणि दोन्ही खुर्च्या येतील," ती सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली. "उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं आणि तपासणीच्या काचेच्या खोलीत बसायचं. मी तपासणार आहे. वरच्या फळीवरच्या स्पीकरचे पैसे राखून ठेवा. ते कानाच्या मशीनला लागतील."