पेटीची जागा

बेस गिटार एकटीनं वाजवायची म्हणजे गायक आलेलाच नाही आणि कोरसवाले मात्र टाळ्या धरून बसलेत, असला प्रकार. धम्मदीपाला हे जुलैपर्यंत माहीतच नव्हतं, कारण जुलैपर्यंत तिच्यासमोर शर्वरी होती. शर्वरी आणि तिची पेटी.

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपमध्ये दोघींची घरं एकाच कालव्याच्या दोन काठांना. शर्वरी पूल ओलांडून यायची, तीही कायम उशिरा, आणि आल्याआल्या म्हणायची, "अगं, पुलावर बदकं होती!" जसं काही बदकांचा व्हिसा तीच तपासते. पेटीवरही तीच तऱ्हा. बेसनं सवाल टाकला की शर्वरीचा जवाब अर्धा श्वास मागून. दर एप्रिलला लायडनच्या बुर्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या समाजमंदिरातच म्हणा ना, बाबासाहेबांच्या जयंतीला दोघी वाजवायच्या. त्या अर्ध्या श्वासावर सगळे काका-मावश्या हसून टाळी द्यायचे.

मग शर्वरीच्या बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते बिऱ्हाड पुण्याला परत गेलं. प्रेशर कुकर बॅगेत मावला, सायकलची हेल्मेटं मावली, पेटी काही मावेना.

"तुझ्याकडे राहू दे," शर्वरी म्हणाली. "एप्रिलला येतेच आहे मी."

हिवाळा आला. शाळेतून सायकलवर घरी येताना वारा नेमका समोरून, आणि घरी आल्यावर खिडकीबाहेर दुपारीच काळोख. शाळेत दीपा एकटी होती असं नाही हं. मैत्रिणी चांगल्या होत्या, तिच्या डब्यातले पोहे हक्कानं खायच्या. पण तिच्या बेसच्या सवालाला जवाब काय येतो, ते त्यांना कुठून ठाऊक असणार? ती खोलीत बसून सवाल वाजवायची, आणि पुढे भिंतीतल्या हीटरची टकटक. बस.

फेब्रुवारीत शर्वरीनं कळवलं, बारावीचे क्लास एप्रिललाच सुरू होतायत, येणं रद्द. आणि त्याच आठवड्यात जयंतीचा कार्यक्रम आखणाऱ्या अस्मितामावशीचा फोन.

"दीपा, यंदा तुझं काय गं? नाव टाकू का?"

"टाका ना!"

"एकटीचं?"

"एकटीचं. पण वाजेल दोघींचं!"

तिनं फोन ठेवला. बोलून तर बसली होती, आता करून दाखवायला हवं.

तिच्या डोक्यात काय होतं, ते असं. साध्या बेसमधलं चुंबक चारही तारांचा मिळून एकच गोळा आवाज ऐकतं. पीझो पिकअप, म्हणजे थरथर टिपणारा तुकडा, मात्र प्रत्येक तारेखाली वेगळा बसतो, इवलासा, आणि फक्त आपल्या तारेचा दाब ओळखतो. तो दाब एका डबीत जातो. डबी ठरवते, सूर कुठला, छेडला किती जोरात. ही खबर म्हणजे मिडी. ती सिंथला, म्हणजे हव्या त्या वाद्याचा आवाज काढणाऱ्या यंत्राला, पोचली की बेसच्या तारेतून बासरी काढा, सनई काढा. किंवा पेटी.

अडचण एकच. वायर आत घ्यायला बेसला भोक पाडायचं होतं.

बाबा, म्हणजे राजानंद, आयटीतला माणूस. ते ड्रिल धरून जेवणाच्या टेबलाशी देवमाशाचं ऑपरेशन असल्यासारखे उभे राहिले.

"दीपा, चालू सिस्टिमला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे."

"बाबा, ही सिस्टिम नाही. लाकूड आहे."

"लाकडाचा बॅकअप नसतो गं, म्हणून तर भीती!"

"पाडा एकदाचं," आई म्हणाली. तिला, म्हणजे कमलताईंना, टेबल मोकळं हवं होतं. "नाहीतर त्यावरच चपात्या लाटते."

भोक पडलं. भुसा वरणात पडला. तारांखालचे जुने खुंट काढून पीझोवाले बसवले, चार केसाएवढ्या वायरी आत ओवल्या. मग दीपानं कपाटावरून शर्वरीची पेटी खाली काढली. तयार आवाज तिला नकोच होता. आईनं भाता हलवायचा, दीपानं एकेक पट्टी दाबून सूर रेकॉर्ड करायचा, बाबांनी श्वाससुद्धा घ्यायचा नाही. एका पट्टीला सर्दी झाल्यासारखा सूं आवाज यायचा. तोही तिनं जपून घेतला.

पहिल्यांदा तार छेडली आणि स्पीकरमधून पेटी बोलली, तेव्हा दीपा सोफ्यावर चढून नाचली. फक्त एक होतं. बारीक तारेवर पेटी पटकन यायची, जाड तारेवर मागून.

"डिले आहे," बाबा वैतागले. "जाड तार सावकाश थरथरते, सूर ओळखायला डबीला थांबावं लागतंय."

"बाबा, उशिरा येतेय!" दीपा खदखदून हसली. "ही तर डिट्टो शर्वरी!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी आईकडे पाहिलं.

रविवारी दीपानं व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात पंखा गरगरत होता, शर्वरीच्या मांडीवर क्लासच्या नोट्सचा ढीग. दीपानं काही सांगितलंच नाही, थेट वाजवलं. बेसचा सवाल, पेटीचा जवाब, मधला तो सर्दीवाला सूरसुद्धा.

"ही... माझी पेटी आहे?"

"तुझीच! सगळे सूर भरलेत आत. उशीरसुद्धा तुझाच! आता तू नसलीस ना, तरी चालतं!"

पंखा फिरत राहिला. नेट अडकलं असं दीपाला वाटलं. पण शर्वरीचा हात हलत होता, नोट्सचा कोपरा दुमडत होता.

"बरंय मग," ती म्हणाली. "मला वाटलेलं, माझी जागा ठेवशील."

"अगं येडे, तुझ्यासाठीच तर—"

"आई हाक मारतेय. ठेवते."

आईनं हाक मारली नव्हती. मारली असती तर ऐकू आली असती.

त्यानंतर दीपानं सॉरी लिहिलं, बदकाचा फोटो पाठवला, मग पुन्हा सॉरी. मेसेजखालच्या टिक-खुणा राखाडीच राहिल्या. संध्याकाळी ती बेस घेऊन बसायची. सवाल तिचा, जवाबही तिचाच. आधी रिकाम्या खोलीत वाजवताना एकटं वाटायचं. आता भरलेल्या आवाजात जास्त वाटायला लागलं.

जयंतीच्या दिवशी बुर्टहाउसमध्ये निळे झेंडे, मागे खिचडीचा वास, पोरं खुर्च्यांखाली. अस्मितामावशीनं माइकवर जाहीर केलं, "आणि आता एक चमत्कार! एकाच गिटारमध्ये दोन वाद्यं!"

दीपा स्टेजवर आली. पायाशी सिंथचं बटण. त्याचा लाल दिवा चालू. तिनं समोर पाहिलं. पेटी दरवर्षी जिथे असायची तिथे मावशीनं पाण्याची बाटली ठेवली होती.

तिनं बोटं तारांवर ठेवली, आणि पायानं बटण दाबलं. दिवा विझला.

बेसचा सवाल गेला. पुढे काहीच नाही. दीपा थांबली, मनातल्या मनात पेटीचा जवाब संपेपर्यंत, वर अर्धा श्वास. मग पुढचा सवाल. पुन्हा शांतता. लोक चुळबुळले. वायर सुटली असं समजून बाबा उठलेच, आईनं शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. दीपाचे कान तापले होते, पण तिनं एकही जागा भरली नाही.

टाळ्या आल्या, थोड्या गोंधळलेल्या.

"पोरी, मधेमधे विसरत होतीस का गं?" खिचडीच्या रांगेत हरिहरकाकांनी विचारलं.

"नाही काका. तिथे शर्वरी आहे."

काकांनी मान डोलावली. समजलं की नाही, देव जाणे.

आईनं फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. ट्रेनमध्ये दीपानं ते शर्वरीला पाठवलं, खाली लिहिलं, "तुझ्या जागा रिकाम्या आहेत. उशिरा आलीस तरी चालेल."

स्टेशनवर उतरेपर्यंत टिक-खुणा निळ्या झाल्या. 'टायपिंग' असं दिसलं. मग गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं.

आईबाबा पुढे चालत होते. दीपा पाठीवर बेस घेऊन, फोन हातात धरून, मागे राहिली. पुलावर बदकं होती. ती थांबली.