भिंतीपलीकडे गेलेला आवाज

त्या रविवारी दुपारी काळूरामने मला पहिल्यांदा खेळायला हातात घेतलं.

मित्रांनो, मी गेमचा रिमोट. दुकानात मला कंट्रोलर म्हणतात, पण घोडबंदरच्या त्या घरात सगळे रिमोटच म्हणत. मी जुना आहे. माझ्या डाव्या दांडीचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि पोटाजवळ एक चीर पडलीय. त्या रविवारी चीर नव्हती.

काळूराम शाळेची बस चालवायचा. इतकी सावकाश, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या. पडद्यावरची गाडी मात्र त्याने सुरू होताच समुद्रात घातली. सतरा वर्षांचा प्रणय, त्याचा मुलगा, हसत म्हणाला, "बाबा, पोरं होती ना आत?"

"पोरांना पोहायला शिकवलंय मी," काळूराम म्हणाला.

ओट्यापाशी बोंबील साफ करणारी त्याची बायको जिजाबाई हसली. थोरली मुलगी चांदणी पलंगावर वाचत बसली होती. तिने पुस्तकाआडून बापाचा चेहरा पाहिला आणि तो तिला फार आवडला. घरात असा दिवस उगवला की कोणी जागचं हलत नसे. हललं तर तो मोडेल असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळूराम मेला. त्याला प्रणयने मारलं असं लोक म्हणतात. आणि प्रणयला तसं करायला मी शिकवलं, असंही म्हणतात.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन छोट्या मोटारी बसवल्या आहेत. खेळात गोळी लागली की त्या फिरतात आणि मी खेळणाऱ्याच्या तळहातात थरथरतो. मला बनवणाऱ्यांना हे फार चांगलं सुचलं होतं. मुलांना ते थरथरणं हवंहवंसं वाटतं. माझी पहिली वर्षं मिरा रोडच्या एका गेमिंग पार्लरमध्ये गेली. तिथे मुलं रांगेत उभी राहून मला मागायची, जिंकली की माझं चुंबन घ्यायची आणि हरली की मला भिंतीवर आपटायची. पार्लर बंद पडलं तेव्हा जितेश नावाच्या दुरुस्तीवाल्याने मला पुसून आपल्या दुकानाच्या काचेत ठेवलं.

तिथून मला काळूरामनेच घरी नेलं. प्रणय दहावी पास झाला होता. काळूरामने मला आणि टीव्हीला जोडायच्या माझ्या काळ्या खोक्याला साऱ्या भावकीत फिरवून दाखवलं. आपल्या घराण्यात मिठागरात घाम गाळण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं, आता पोरगा कॉम्प्युटर शिकेल, असं तो सांगत होता. कुणीतरी मला कुंकू लावलं. ते बटणाच्या खाचेत अजून आहे.

मी निर्दोष आहे असं म्हणत नाही. प्रणयची बोटं मी धरून ठेवली. ताट गार व्हायचं, हाका वाया जायच्या. बारावीत तो कॉलेजला जातो सांगून निघायचा आणि घरातली माणसं कामाला गेली की मागच्या दाराने परत यायचा. त्याचे डोळे लाल असायचे. खेळ थांबला की हातांचं काय करायचं ते त्याला कळायचं नाही. एखादी वस्तू माणसाला अशी धरू शकते, आणि मी तशीच बनवलेली वस्तू आहे. पण तो माझ्याकडे कशापासून पळून यायचा, ते मला ठाऊक होतं. भावकीला ठाऊक नव्हतं, कारण मधे भिंत होती.

ते जुनं घर दोघा भावांनी वाटून घेतलं तेव्हा मधोमध चार इंची भिंत घातली. पलीकडे थोरला धर्माजी आणि त्याची बायको सरूबाई. चार इंचांतून खोकला ऐकू जातो, फोडणी ऐकू जाते. काळूरामला भावकीत मान होता. त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. बसमधली मुलं त्याला काळूकाका म्हणायची, आणि उतरताना एखादं त्याच्या हातात आपलं चॉकलेट ठेवून जायचं.

घरातही त्याचा आवाज चढत नसे. तो सदरा काढून खुंटीला अडकवायचा, ओट्याखालून गॅसची जुनी रबरी नळी घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, "चांदणे, आवाज वाढव."

मग चांदणी मला उचलायची. टीव्हीचा आवाज वाढवून भागत नसे. कुणी खेळलं नाही की बंदुका गप्प होतात आणि नुसतं संगीत वाजत राहतं. म्हणून तिला खेळावं लागे. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पडद्यावरच्या रिकाम्या रस्त्यावर गोळ्या झाडत राहायची. तिला नेम धरता यायचा नाही. तिच्या खेळातला माणूस पुन्हा पुन्हा मरायचा आणि मी तिच्या हातात थरथरायचो. पुढे पुढे थरथर माझी की तिची, हे मलाही ओळखू येईना.

मागे प्रणय दातांत उशी धरून असायचा. ओरडायचं नाही, हे त्याला फार लहानपणी शिकवलं होतं.

सरूबाई पलीकडून भिंतीवर मूठ आपटायची. "बंद करा रं ती बंदूक! माणसांनी झोपायचं का न्हाय?"

काळूराम थांबायचा, भिंतीजवळ जायचा आणि म्हणायचा, "वहिनी, पोरगं ऐकत न्हाय हो. काय करू?"

साऱ्या गावाला असं कळलं की काळूरामचा पोरगा गेमपायी वाया गेला. बाप बिचारा गरीब, म्हणून सहन करतो. नळी ओट्याखाली परत गेली की काळूराम स्वतः खोबरेल तेल घेऊन मुलाच्या पाठीला लावायचा. आपल्या बापाने आपल्याला मिठागरात भर उन्हात, जखमांवर मीठ लागलेलं असताना उभं केलं होतं, हे तो विनोदासारखं सांगायचा. त्यामुळेच आपण माणूस झालो, म्हणायचा.

त्या सोमवारी कॉलेजातून त्याच्या फोनवर निरोप आला. प्रणय कित्येक दिवस वर्गात नव्हता. काळूरामने सदरा काढला. चांदणीने न सांगताच मला उचललं.

नेहमीप्रमाणे सुरू झालं. मग नेहमीचं नव्हतं ते झालं. प्रणयने नळी हवेत धरली. पहिल्यांदाच. "बस झालं, बाबा," तो म्हणाला. काळूरामला ते कळलंच नाही. बोलणाऱ्या भांड्याकडे बघावं तसं त्याने मुलाकडे पाहिलं आणि नळी ओढली. प्रणयने ती सोडली आणि त्याला दोन्ही हातांनी ढकललं. जिजाबाईने नुकतीच लादी पुसली होती. काळूरामची टाच सरकली आणि डोक्याची मागची बाजू ओट्याच्या कडेवर आली.

गोळ्यांचा आवाज चालूच राहिला. चांदणीचं बोट माझ्या बटणावरून निघेना. सरूबाईने भिंतीवर मूठ आपटली. तेव्हा मी चांदणीच्या हातातून पडलो. माझी चीर ती तेव्हाची.

पोलिसांनी काळा खोका नेला. मी पलंगाखाली घरंगळलो होतो, म्हणून राहिलो. प्रणयला मुलांच्या सुधारगृहात ठेवलं. गेमच्या नादात पोराने बापाचा जीव घेतला, अशी बातमी फोनाफोनांवर फिरली. धर्माजीने तसाच जबाब दिला, सरूबाईनेही दिला. रोज बंदुका ऐकायचो, असं तिने सांगितलं. ते खोटं नव्हतं. जिजाबाई काहीच बोलली नाही; लोकांनी तो होकार धरला. चांदणी शुद्धीत नव्हती म्हणून तिचा जबाब राहिला. तो दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी घेणार होते. घरातल्या सगळ्यांचं एकच बोलणं असावं, असं धर्माजी तिला रोज बजावत होता. मेलेल्या माणसाचं नाव आणि जिवंत पोराचा जन्म, यांतलं एकच वाचणार होतं, आणि भावकीने निवड केली होती.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. प्रणय नव्हता, म्हणून विधीला पुतण्या अमोल बसला आणि मुलगी म्हणून चांदणीला आणलं. तिवरांवर कावळे होते, पण पिंडाला एकही शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेकजण पुढे होऊन मोठ्याने वचन देऊ लागला. अमोल म्हणाला, काकीला मी सांभाळीन. कुणी म्हणालं, चांदणीचं लग्न आम्ही लावून देऊ. कावळे मान वाकडी करून बघत राहिले.

मग धर्माजीने पिशवीतून मला काढलं.

"काळू," तो म्हणाला, "तुझा पोरगा जिनं खाल्ला ती वस्तू हाय ही. खाडीत टाकतो. आता तरी घे." जिभा चुकचुकल्या. कावळा फांदीवरून उतरला, चिखलात दोन उड्या मारून परत गेला. "पोरीच्या हातानं टाकायला पायजे," सरूबाई म्हणाली. धर्माजीने मला चांदणीच्या हातात दिलं. "टाक गो. नि उद्या पोलिसाला सांगायचं तेच आज बापाला सांग."

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू शेवटी जपून वापरा म्हणून विनवणी करते. मला जपू नका. मी खाडीत गेलो तरी चालेल. फक्त शेजारच्या घरात रोज एवढा आवाज का लागतो, हे भिंतीवर मूठ आपटण्याआधी एकदा दारात जाऊन विचारा. सरूबाईला दार चार पावलांवर होतं.

चांदणीचा अंगठा आपोआप माझ्या गुळगुळीत जागी गेला. माझ्यात आता वीज नव्हती. या वेळी थरथर कुणाची, हे स्पष्ट होतं.

ती पिंडासमोर बसली. लोक वचनाची वाट बघत होते.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, अगदी मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. "तुम्ही प्रणयला नळीनं मारायचात. मी भिंतीकडे तोंड करून बंदूक वाजवायची. काकी, तुम्ही ऐकायचात ती बंदूक मी वाजवायची, प्रणय नाही. हा रिमोट तर आत्ता आला, बाबा. प्रणय आठ वर्षांचा होता तेव्हा आई रिकामा मिक्सर लावायची."