इंजिनबाबाचं लिंबू

परसरामच्या लेकीचं, सरिताचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यात पवनीच्या घाटावर इंजिनबाबा अवतरला. डोंग्याला, म्हणजे लहान होडीला, लावायची जुनी इंजिनं टेम्पोत घालून आला होता. घाटावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

बाबानं आधी एक इंजिन सुरू करायला लावलं. तीन गड्यांनी दोरी ओढून ओढून घाम गाळला, इंजिन मुकंच. मग दुसऱ्यावर लिंबू पिळलं. "जलदेवी, डिझेलदेवी, पेट्रोलदेवी, फट् स्वाहा!" दोरीला एकच झटका, अन् ते गरजलं! बाबानं क्षणात बंदही केलं. "इसमें माता बसली आहे. हे कधी बंद पडणार नाही. उद्या सकाळी मुहूर्तावर एकाच भाग्यवंताला देईन."

परसरामला रात्रभर झोप नाही. केशवरावाच्या डोंग्याला दोन वर्षांपासून इंजिन होतं. परसराम वल्हं मारत काठाला लागेपर्यंत केशवरावाची मासोळी विकून व्हायची. त्या इंजिनातून मागे उडणारी पाण्याची पिचकारी परसरामनं रोज जळत्या डोळ्यांनी पाहिली होती. अन् आता केशवराव दुसरंही नेणार?

सकाळी तो बायकोला, सत्यभामेला घेऊन घाटावर गेला. केशवराव आधीच हजर.

"परसराम, तुले वल्हंच शोभते रे!"

"आज पाहू कोणाले काय शोभते ते."

नवी वस्तू पाण्यात घालण्याआधी घरच्या बाईनं तिला ओल्या हळदीचं बोट लावायचं, ही ढिवरांची, म्हणजे मासेमारांची रीत. बाबानं लिंबू काढायच्या आतच सत्यभामेनं इंजिनाचं टोपण उचलून आतल्या लोखंडाला बोट लावलं. हळद चर्रकन वाळली. तिनं हात झटकला.

"बाप्पा! हे तं तापलं हाय!"

"माता कोपली, बाई. दूर व्हा!"

"माही चूल रातभर विझली तं सकाळी राख थंडी रायते. तुमची माता कायनं तापली जी?" ती तरातरा टेम्पोमागे गेली. तिथं पाण्याचं पिंप होतं, पाणी कोमट, वर तेलाचा तवंग. "हे पाहा! इथं चालवून गरम केलं, म्हणून एका झटक्यात लागते. कालचं मुकं इंजिन थंडं होतं. दुपारपर्यंत थंडं होऊ द्या, मंग ओढा."

लोक हसायला लागले. बाबा ओरडला, "मुहूर्त टळतो आहे!"

परसरामनं पिंपाशी वाकून पाहिलं. पिचकारी उडाली असती तर भोवतालची माती भिजली असती. माती कोरडी होती. इंजिन थंड राहायला लागणारं पाणी ओढत नव्हतं, म्हणूनच एवढं तापलं होतं. असंच चालवत राहिलं की एक दिवस भर पाण्यात जाम होणार. त्यानं केशवरावाकडे पाहिलं.

"नवराबायको मिळून नाटक करून राहिले," केशवराव म्हणाला. "दुपारी स्वस्तात नेतीन. बाबा, मले द्या!"

'हे पाणी ओढत नाही' असा शब्द परसरामच्या तोंडात आला होता. त्यानं तो गिळला.

केशवरावानं आपलं चांगलं इंजिन विकून ते बाबाचं लावलं, अन् माता कधी बंद पडत नाही म्हणून वल्हं घरीच ठेवू लागला.

लिंबानं इंजिन चालत नाही, लोकहो. जुनं घ्याल तर थंडं असताना सुरू करून पाहा, पाणी फेकते का पाहा, मगच घ्या. अन् जे कळलं ते वैऱ्यालाही सांगा.

केशवराव त्याच वर्षी आषाढी अमावस्येला, भर वादळात इंजिन जाम होऊन, वैनगंगेत बुडून मेला.